बायकोनं बांधलेली घरं बघायला: वाई, वडूज आणि कृष्णाकाठचा एक उंबरा

आमच्या घराची पश्चिमेची भिंत मार्चपासून अशी तापते, की दुपारी तिला टेकून बसलं तर पाठ शेकून निघते. आलेल्या पाहुण्याला मी मुद्दाम तिथं बसवतो आणि मग सांगतो, की या घराची मालकीण आर्किटेक्ट आहे बरं का. नुसती आर्किटेक्ट नाही, प्राध्यापक. उन्हाळ्यात न तापणारी, पावसात न गळणारी, पुरात न खचणारी घरं कशी बांधावीत हे तिनं आयुष्यभर पोरांना शिकवलं. आणि आम्ही राहतो पुण्यात, सहाव्या मजल्यावर, बिल्डरनं दिली तशा फ्लॅटमध्ये. तिचे विद्यार्थी 'मॅडम, तुमचं घर बघायचंय' म्हणाले, की आम्ही त्यांना हॉटेलात जेवायला बोलावतो.

वैजयंती मागच्या वर्षी निवृत्त झाली. मी तिच्याआधीच विमा कंपनीतून सुटलो होतो. आता दोघं मिळून भरपूर फिरू असा माझा बेत होता. पण बाई घरात बसून राहिली. कुणी काम घेऊन आलं की 'आता नको' म्हणायची. फेब्रुवारीत एक फोन आला तेव्हा मात्र नुसतं 'नको' म्हणून भागलं नाही. फोन सांगली जिल्ह्यातल्या, पलूसकडच्या एका गावच्या सरपंचांचा होता. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं बघायला गर्दी व्हावी असं काही नाही.) त्यांना गावात पुरासाठी आणखी एक निवाऱ्याची इमारत हवी होती. वैजयंती म्हणाली, "मी कामं घेत नाही आता. चांगला माणूस सुचवते." फोन ठेवला आणि धुतलेले कप परत धुवायला घेतले.

तेव्हा कुठं तिच्याकडून मला सगळं समजलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या गावात पूर आला होता. नदीकडच्या गल्लीतली मातीची घरं बसली. वैजयंतीनं आपले विद्यार्थी घेऊन ती गल्ली नव्यानं उभी केली. घरांची जोती उंच केली, आणि गावाच्या वरच्या अंगाला एक शाळा बांधली, की जिथं पूर आला तर सगळा गाव राहू शकेल. म्हशींसाठी जिन्याऐवजी उतरण, चुली मांडायला जागा, सगळं होतं. मग पुढचा मोठा पूर आला. शाळेला पाण्याचा थेंब लागला नाही. पण शाळेत कुणी गेलंच नाही. माणसं घरांच्या गच्च्यांवर अडकली, होडीची वाट बघत. माणसं वाचली, पण गोठ्यातली बरीच जनावरं गेली. त्या कोरड्या, रिकाम्या शाळेचा फोटो तिला कुणीतरी पाठवला होता. तो तिच्या फोनमध्ये अजून आहे. ती मला म्हणाली, "लोकांचा माझ्या इमारतीवर विश्वास नव्हता. आता आणखी एक बांधून काय करू?" आणि त्यानंतर ती त्या गावाला एकदाही गेली नव्हती.

मी म्हटलं, चल, फिरायला जाऊ. तू बांधलेलं एकही घर मी धड पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "वाई दाखवते, वडूज दाखवते. सांगलीकडं नाही." मी म्हटलं, बरं. गाडी मीच चालवणार होतो.

वाई

पुण्याहून सकाळी लवकर निघावं हे मी दर प्रवासवर्णनात लिहितो आणि दर वेळी उशिरा निघतो. खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागं रखडलो, सुरूर फाट्याला आत वळलो आणि दुपारच्या आत वाईत पोचलो. वाईत गाडी गणपती घाटाच्या आसपास लावायचा हट्ट धरू नका. बाजारापासून लांब लावा आणि चालत जा. घाटावर पाणी कमी होतं, पण पायऱ्या सावलीत होत्या, आणि दोन गुरुजी मोबाइलवर मुहूर्ताचा वाद घालत बसले होते. मिसळ खाल्ली, बरी होती. रश्शाला जास्तीचे पैसे लावले नाहीत, एवढ्यानं मी त्या हॉटेलचा झालो.

घर होतं लेले काकांचं. काका शाळेतून निवृत्त झालेले. वैजयंतीनं त्यांचं घर बांधलं तेव्हा ती अगदी नवखी होती. दगडी भिंती, आतून चुन्याचा गिलावा, मधे छोटासा चौक, आणि चौकात नदीवरचा वारा यावा म्हणून भिंतीत विटांची जाळी. ती गाडीतून येतानाच मला त्या जाळीचं वर्णन सांगत होती. वारा कुठून शिरतो, कसा वर जातो, वगैरे. मी 'हं' म्हणत होतो.

आत गेलो तर जाळीवर प्लायवूड ठोकलेलं आणि खाली कूलर घरघरतोय.

"काका, जाळी बुजवलीत?" ती म्हणाली. आवाज गोड होता, पण मी चाळीस वर्षं ऐकतोय तो आवाज.

"अहो माकडं," काका म्हणाले. "जाळीतून हात घालायची. आधी शेंगदाणे गेले, मग चष्मा गेला. चष्मा गेल्यावर मी सुताराला बोलावलं."

"आणि वारा?"

"वारा येत नाही. पण माकडंही येत नाहीत."

काकूंनी आंबेडाळ दिली आणि वैजयंतीची बाजू घेत म्हणाल्या, "घर मात्र थंड आहे हो मॅडम. कूलर यांच्या हौसेचा." वैजयंती चौकात उभी राहून वर बघत होती. जाताना तिनं सांगितलं, प्लायवूड काढा आणि बाहेरून बारीक तारेची जाळी लावा, माकडाचा हात जाणार नाही, वारा जाईल. काकांनी लगेच सुताराला फोन लावला. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं राहून गेली, कारण विचारायला कुणी आलंच नव्हतं.

 पाचवड मागं पडल्यावर ती म्हणाली, "वाऱ्याचा विचार केला, उन्हाचा केला, दगड कुठल्या खाणीतला याचा केला. माकडाचा नाही केला."

"वाईत राहून?" मी म्हटलं.

"वाईत राहून," ती म्हणाली आणि हसली. साताऱ्यात मुक्काम केला. स्टँडजवळची हॉटेलं स्वस्त, पण रात्रभर गाड्यांचे हॉर्न. पोवई नाक्याकडं थोडे जास्त पैसे देऊन झोप विकत घ्या. कंदी पेढे घेतले, ते कोरेगाव यायच्या आत संपले.

वडूज

सातारा, कोरेगाव, पुसेगाव, वडूज. रस्ता चांगला आहे, अधूनमधून काम चालू होतं. कोरेगाव सोडलं की ऊस विरळ होतो, आणि खटाव तालुक्यात डोंगर उघडे, शेतं उघडी, ज्वारी काढून झालेली. मी फलटणचा. आमच्याकडं कालवा आला आणि ऊस आला, म्हणून मला लहानपणापासून या भागातल्या पाहुण्यांकडं जाताना उगाच थोडी ऐट असायची. ती ऐट वडूजच्या अलीकडं सुभेदार पवारांच्या घरी उतरली.

सुभेदार फौजेतून निवृत्त. पेन्शनीत घर बांधताना कुणीतरी त्यांना वैजयंतीचं नाव सांगितलं होतं. बाहेर ऊन असं, की गाडीच्या दाराची मूठ धरवेना. आत पाऊल टाकलं आणि मी नकळत 'आहा' म्हणालो. छपरावर छप्पर आहे, मधून वारा जातो, आणि अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. एवढंच मला कळलं, आणि तेवढं पुरे.

"कसं हाय घर, सर?" सुभेदारांनी मला विचारलं.

"एकदम गार."

"लय गार हाय," आतून त्यांच्या मिसेस म्हणाल्या. "तीच तर पंचाईत. उन्हाळ्यात पाव्हणं आलं की हलतच न्हाईत. समद्या खटावातलं पाव्हणं हितंच. मॅडम, तुमी घर जरा कमी गार बांधायला पायजे हुतं."

टाकीची चावी सुभेदारांच्या कमरेला. पंप सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळीच सुरू होतो, आणि मिसेसना जादा बादली हवी असली तर 'मंजुरी' घ्यावी लागते. मिसेसनी दुसरी चावी करून घेतली आहे, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, खरडा, ताक. या भागात हॉटेल शोधत बसू नका. कुणी घरी बोलावलं तर आढेवेढे न घेता जा.

निघताना सुभेदार गाडीपाशी आले. म्हणाले, "एक बोलू का मॅडम? घर दिलंत आनि तुमी परत आलाच न्हाईत. आमच्या फौजेत चौकी उभी केली की इन्स्पेक्शनला यावं लागतंय. चांगली असली तरी यावं लागतंय, वाईट असली तर पयलं यावं लागतंय."

ती 'हो, बरोबर' म्हणाली. बेल्ट लावला. मी गाडी पुण्याच्या नाही, मायणीच्या रस्त्याला घातली.

मायणी गेली. विट्याच्या पाट्या दिसायला लागल्या. वैजयंती पाट्या वाचते. तिला फसवणं कठीण.

"पुणं मागं राहिलं," ती म्हणाली.

"सांगलीत भडंग घ्यायचंय."

"भडंग पुण्यात मिळतं."

"तसं नाही मिळत."

विट्यात चहा प्यायलो. पुढं उतार लागला, हळूहळू हिरवं वाढलं, द्राक्षांचे मांडव आले, बेदाण्याच्या शेड आल्या. ऊसतोडीच्या बैलगाड्यांमागं आम्ही रांगत निघालो. तिनं खिडकीची काच खाली केली आणि समोर बघतच म्हणाली, "नदीकडच्या गल्लीत गाडी जात नाही. शाळेपाशी लावावी लागेल."

मी सुभेदारांना मनातल्या मनात सलाम ठोकला.

पलूसकडचं ते गाव

शाळा मला फार आवडली. हे बायकोचं आहे म्हणून नाही, खरोखरच. उंच चौथरा, लांब व्हरांडा, आणि बाजूनं म्हशींसाठी केलेली ती रुंद उतरण. उतरणीवर पोरं सायकली सोडत होती. वैजयंती उतरणीच्या कठड्यावरून हात फिरवत वर गेली, व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिली, आणि तिथून नदीकडं बघत राहिली. नदी मार्चमधली, खाली, शांत, आपल्याच नादात.

सरपंच मनीषा कांबळे आम्हाला शाळेपाशीच भेटल्या. फोन त्यांचाच होता. तिशीतली बाई, अंगणवाडीत काम करून सरपंच झालेली, बोलायला मोकळी. त्या म्हणाल्या, "मॅडम, न्हाई म्हनला हुता, तरी आलात. आता च्या घेतल्याबिगर सोडत न्हाई." आणि आम्हाला नदीकडच्या गल्लीत घेऊन गेल्या, आक्कांच्या घरी.

आक्का म्हणजे त्या गल्लीच्या सर्वांत वडील बाई. वय सांगत नाहीत. घर वैजयंतीनं बांधलेल्यांपैकी पहिलं. छातीइतकं उंच जोतं आणि त्यावर चढायला पायऱ्या. आक्का वरच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. वैजयंतीला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आलीस व्हय गं. लय दिसांनी." जणू मागच्या आठवड्यात येऊन गेलेल्या पोरीला बोलत होत्या.

चहा झाला. मग वैजयंतीनं विचारलं. तिला वळणं घेऊन विचारता येत नाही.

"आक्का, त्या पुराला तुम्ही शाळेत का आला नाहीत? शाळा चांगली नव्हती का?"

"शाळा ब्येस हाय की. जायाचंच हुतं."

"मग?"

"आगं वटी भरल्याबिगर कसं जायाचं?"

वटी म्हणजे ओटी. कृष्णेला पूर आला की या काठच्या बाया नदीची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ पाण्यात सोडतात, आणि आता माघारी जा बाई म्हणून हात जोडतात. माहेरवाशीण दारात आली की तिची भरतात तशीच. हे मला ठाऊक होतं. पण या गल्लीत त्याला एक वेळ ठरलेली होती, ती आक्कांनी सांगितली. पाणी उंबऱ्याला लागलं की ओटी भरायची, त्याआधी नाही. दारात न आलेल्या बाईची ओटी कशी भरणार? आणि ओटी भरली की घर सोडायचं. सासूबाईंच्या काळापासून असंच.

"आमच्यात वटी भरत न्हाईत," मनीषा म्हणाल्या. "आमचं घर गल्लीच्या तोंडाला. पर आमीबी आक्काच्या उंबऱ्याकडंच बघायचो. आक्का निगाल्या म्हंजे आता निगायचं. समदी गल्ली तसंच करायची."

"तवा जुन्या घराचा उंबरा हितं हुता," आक्का म्हणाल्या आणि बसल्या जागेवरून हात खाली करून पहिल्या पायरीच्या जरासं वर दाखवलं. "पानी उंबऱ्याला लागलं की गल्लीत घोट्याएवढं असायचं. म्हशी सोडायच्या, पोरं काखंत मारायची, चालाय लागायचं. त्या बारीला काय झालं, पानी काय उंबऱ्याला लागंना. म्हनलं बरं झालं, बाईनं घर उच्च बांधलंया. लागलं तवा वटी भरली. आनि बगतो तर गल्लीत गळ्याएवढं पानी."

मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. मी लसणाच्या एका पाकळीचं साल काढत बसलो होतो. पण वैजयंतीचा चेहरा उतरला. ती पायऱ्या उतरून खाली गेली. आक्कांनी हात दाखवला होता तिथं तिनं आपला हात ठेवला, मग वरच्या नव्या उंबऱ्याकडं बघितलं, मग गल्लीच्या रस्त्याकडं.

"जोतं मी उंच केलं," ती म्हणाली. "घर वाचावं म्हणून. आणि तुमची निघायची वेळ मीच उशिरा केली. उंबरा वर गेला, रस्ता खालीच राहिला." मग एकदम म्हणाली, "जनावरं माझ्यामुळं गेली, आक्का."

मी लग्नाच्या इतक्या वर्षांत तिला असं रडताना पाहिलेलं नाही. मला उठून जवळ जावंसं वाटलं, पण आक्का आधी उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवत.

"गप," आक्का म्हणाल्या. "तुझ्यामुळं गेली म्हनतीस, तर आमी बसलो कुनाच्या घरावर? जुनं घर असतं तर बसलं असतं खाली, आमच्यासकट. रडू नगंस. आता काय करायचं ते सांग."

मनीषा म्हणाल्या, "म्हनून तर दुसरी बिल्डिंग हितं जवळच मागतोय मॅडम. शाळंपत्तुर जाताच येत न्हाई."

"इमारत नको," वैजयंती म्हणाली. डोळे पदरानं पुसले आणि आवाज तिचा वर्गातला झाला. "इथं बांधली तर तीही पाण्यातच उभी राहील. शाळा बरोबर आहे. निघायची वेळ चुकतेय."

मग जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. वैजयंती म्हणाली, खांबावर लाल पट्टा मारू, पाणी पट्ट्याला लागलं की निघायचं. मनीषा म्हणाल्या, पट्टा हाय की, पुलाला, गेल्या पुरानंतर सरकारनं मारलाय, कुनीबी बगत न्हाई. भोंगा लावू? भोंग्यानं पोरं घाबरतात, म्हातारी माणसं हलत नाहीत. मग वैजयंती म्हणाली, आक्का, तुम्हीच खाली, गल्लीच्या नदीकडच्या तोंडाशी जाऊन ओटी भरा. पाणी तिथं आलं की.

"रस्त्यावर?" आक्का म्हणाल्या. "वटी उंबऱ्यावर भरत्यात गं. रस्त्यावर कोन भरतं?"

"मग उंबराच खाली नेऊ," वैजयंती म्हणाली.

आक्कांनी पायरीवरची लसणाची ताटली उचलली, परत ठेवली. मग म्हणाल्या, "न्यायाला काय झालं. गावाला उंबरा नसतो व्हय? येस हुती की हितं, गल्लीच्या तोंडाला. माझ्या लग्नात मी त्याच येशीतनं आत आले. पडली ती. येशीचा उंबरा समद्या गावाचा."

येस म्हणजे वेस, गावाचं जुनं दार. ती जागा अजून दिसते, दोन बाजूंना जोत्याचे दगड आहेत आणि मधून रस्ता घाटाकडं उतरतो. आम्ही सगळे तिथं गेलो. आणि मग वैजयंतीनं काय करावं, तर डिकीतून पारदर्शक नळीचं भेंडोळं काढलं. गवंडी लोक नळीत पाणी भरून दोन ठिकाणची उंची जुळवतात, ती नळी. निवृत्त बाईच्या गाडीत ती कशाला होती, हे मी विचारलं नाही. तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला आक्कांच्या पायरीपाशी उभं केलं. मी तिथं हात वर करून असा बराच वेळ उभा होतो, आणि गल्लीतल्या बाया आपापल्या दारातून माझ्याकडं बघून हसत होत्या. एक म्हणाली, "आवं, हात खाली आला साहेबांचा." मी हात वर केला.

तिनं खूण केली ती जुन्या उंबऱ्याच्या उंचीपेक्षा वीतभर खाली. म्हणजे नदी तिथं येईल तेव्हा गल्ली अजून कोरडी असेल, आणि म्हैस, पोर, म्हातारं माणूस सगळ्यांना चालत शाळेत जाता येईल.

दगड कुठून आणायचा, हा प्रश्न आक्कांनीच सोडवला. जुन्या घराचा उंबरा त्यांच्या परसात होता. त्यावर त्या कितीतरी वर्षं धुणं धूत होत्या. "सासू असती तर मला हितंच धुतली असती," आक्का म्हणाल्या.

सांगली, आणि परत ते गाव

मुक्काम सांगलीत केला. गणपतीच्या देवळाला जाऊन आलो, नदीकाठी थोडं चाललो, आणि माझं भडंग घेतलं. भडंग घेताना चाखून घ्या, प्रत्येक दुकानाची लसणाची मात्रा वेगळी आहे. वैजयंतीनं जेवताना बऱ्याच दिवसांनी दोन वेळा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गावात. चार माणसांनी तो दगड बैलगाडीतून वेशीपाशी आणला होता. गवंडी आला, खड्डा झाला, आणि वैजयंती गुडघ्यावर बसून नळीनं पुन्हा उंची बघत राहिली. दगड बसला. दिसायला काय, रस्त्यात आडवा एक जुना दगड, मधे पावलांनी झिजलेला, एका बाजूला साबणाचा पांढरा डाग. आक्कांनी हळदकुंकू वाहिलं आणि मग वैजयंतीला म्हणाल्या, "तू बी वाहा. तूच बांधलास."

"काय बांधलं? दगड आडवा टाकला," ती म्हणाली.

"मग तेवढंच बांधलंस," आक्का म्हणाल्या.

मनीषांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूनं लिहिलं: पाणी वेशीच्या उंबऱ्याला लागलं, की आक्का ओटी भरणार आणि सर्वांनी शाळेत यायचं. खाली सही केली. आक्कांनी अंगठा उठवायला नकार दिला. म्हणाल्या, माझं बोलनं पुरतंय.

घरी

कराडवरून हायवेला लागलो आणि दिवस मावळायच्या आत पुण्यात आलो. हे सगळं मार्चमधलं. लिहायला श्रावण उजाडला. कारण असं, की मला शेवट माहीत नव्हता, आणि शेवट माहीत नसताना लिहायला बसलं की मी भडंगावरच घसरतो.

मधल्या महिन्यांत आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून बांबूचे पडदे आले. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. वैजयंतीनं त्यांना भिंतीला हात लावून बघायला सांगितलं, तेव्हापासून त्यांच्याही भिंतीवर पडदे आहेत. बाई परत पहिल्यासारखी झाली. पण पाऊस जोरात सुरू झाला तशी ती टीव्हीसमोर बसायला लागली. कोयनेतून पाणी सोडलं, कृष्णेची पातळी वाढली, हे ती दिवसभर ऐकायची आणि फोन हातात घेऊन बसायची.

मी म्हटलं, लाव की फोन मनीषाताईंना.

"नाही लावणार," ती म्हणाली. "मी विचारायला लागले तर त्या माझ्या फोनची वाट बघतील. त्यांनी दगडाकडं बघायला हवं."

दोन दिवस ती धड जेवली नाही. मीही जेवलो नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे.  परवा सकाळी मी चहा गाळत होतो तेव्हा फोन वाजला. नंबर मनीषांचा. वैजयंतीनं उचलला आणि मी स्पीकरचं बटण दाबलं.

आवाज आक्कांचा होता. मागं प्रचंड गलका, भांड्यांचा आवाज, पोरांचं रडणं, आणि अगदी जवळ कुठंतरी म्हैस ओरडत होती.

"वैजू, ऐकू येतंय का? काल दुपारी येशीवर वटी भरली. समदे शाळंत हाय आमी. म्हशी बी आल्यात, त्या उतरनीनं चढल्या गुमान. गल्लीत लय पानी हाय आता, घरात बी शिरलंय. हितं काय न्हाई. पर तुझी शाळा गळतीया गं. त्या कोपऱ्यातल्या खोलीत. रातभर पातेलं ठेवलंया मी खाली."

माझ्या बायकोनं आयुष्यभर गळतीच्या तक्रारींना घाबरून काढलं. एका इमारतीत गळती निघाली तर आठ दिवस झोपायची नाही. ती आता फोन दोन्ही हातांत धरून रडत होती आणि हसत होती आणि एवढंच म्हणत होती, "गळतीय का? खरंच गळतीय? कुठल्या कोपऱ्यात, आक्का? नीट सांगा."

आक्का नीट सांगत होत्या. ती पाणीबिलाच्या मागच्या बाजूवर खोलीचा नकाशा काढत होती. फोन ठेवल्यावर तिनं चहा एका घोटात संपवला, कप तसाच टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "पाणी उतरलं की निघायचं. गाडीत नळी आहे ना?"